वाचून दाखवणारा

रजिस्ट्री ऑफिससमोर दस्त लिहिणारा तो माणूस प्रत्येक कागद सहीआधी मोठ्यानं वाचून दाखवायचा, चष्मा कपाळावर ढकलून.

आईला मृत्युपत्र करायचं होतं. तिच्यामागे नंदनवनचं घर मला आणि ताईला मिळावं म्हणून. मी माझ्या एकट्याच्या नावे बक्षीसपत्र लिहून घेतलं.

तो वाचू लागला, “आजी, हे मृत्युपत्र नाही. घर आजच...”

आई हसली. “राहू दे गा. माह्या पोरानं आणलं, बरोबरच असन.”

त्यानं शाईचा पॅड झाकून माझ्याकडे पाहिलं. मी तो उघडून आईचा अंगठा टेकवला.

आई गेली, मग ताईही भाड्याच्या खोलीत वारली. काल हे सगळं लिहून मी त्याच्याकडे नेलं. त्यानं ते शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं.

“बरोबर लिहिलं भाऊ,” तो म्हणाला. “पण आता ऐकाले कोण आहे?”