हाडांच्या वॉर्डातला रिलीव्हर

भिलाईत मी पस्तीस वर्षं बातमीदारी केली. तेवढ्या काळात जमले नाहीत इतके किस्से हाडांच्या वॉर्डातल्या आठ दिवसांत जमले. तिथे वेळच वेळ असतो आणि प्रत्येक पेशंटसोबत एक तरी शहाणा नातेवाईक असतो. आमच्या बेडचा शहाणा मीच होतो!

*

बाबा चौऱ्याऐंशीचे, स्टील प्लांटच्या फर्नेसवरून फोरमन म्हणून रिटायर झालेले. स्मृति नगरच्या घरी बाथरूमसमोर पडले, खुब्याचं हाड मोडलं. आई धावत आली, तर पडल्या पडल्या तिला विचारतात, "टाइल तं नाही फुटली?"

*

म्हाताऱ्या माणसाला पूर्ण भूल दिली की डोकं फिरतं, असं माझं वाचून वाचून पक्कं मत झालेलं. ऑपरेशनआधी मी भूलतज्ज्ञ मॅडमना कॉरिडॉरमध्येच अडवलं. "पूर्ण बेशुद्ध करायचं नाही. कमरेत इंजेक्शन द्या. काही झालं तर छापेन!"

"कमरेतच देणार आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण भ्रम दोन्हींनंतर होऊ शकतो. बाबांना दिसतं-ऐकू येतं कसं?"

"विषय बदलू नका!" मी म्हणालो.

*

शेजारच्या बेडवर चरोद्याचे मेश्राम काका, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. मोडलेलं हाड तेच. रक्त पातळ करायची गोळी चालू, कमरेत सुई टोचणं धोक्याचं, म्हणून त्यांना पूर्ण भूल द्यावी लागली. मला त्यांची फारच कीव आली.

काका शुद्धीवर आले आणि मुलीला म्हणाले, "चहा आण. साखर टाकजो, डॉक्टरले नको सांगू."

आमचे बाबा, माझ्या पसंतीची भूल घेतलेले, दुसऱ्या दिवशी सकाळी मलाच म्हणाले, "तू कोण बे? हेल्मेट कुठं तुहं?"

*

बाबा मनाने थेट फर्नेसवर पोचले होते. सारखे बेडवरून उतरायला बघत. त्या पायावर पुन्हा पडले असते तर सगळंच संपलं असतं.

"बाबा, तुम्ही रिटायर झालात!" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"कावून ओरडून राहिला? रिलीव्हर कुठं हाय?"

पुढच्या पाळीचा माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत जागा सोडायची नाही, हा प्लांटचा नियम. मेश्राम काकांनी मोठ्याने हाक दिली, "द्या भाऊ, मी घेतो चार्ज. तुम्ही पडा निवांत."

"रेल्वेवाल्याले? तुम्ही टायमावर आले कधी!"

वॉर्ड हसला. मी जिन्यात जाऊन रडलो. बाबा परत येतील की नाही, हेच कळेना.

*

मॅडम आल्या तसा मी तुटून पडलो. "बघा काय केलंत!"

त्यांनी माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहिलं. "यांचा चष्मा कुठे आहे? कानाचं मशीन?"

हरवू नये म्हणून ऑपरेशनच्या दिवशी दोन्ही मी स्कूटरच्या डिक्कीत कुलपात ठेवलं होतं! बाबांना माणसं धूसर दिसत होती, आवाज अर्धवट पोचत होते, आणि मी भुलीवर भांडत होतो.

"एवढ्यानेच झालं असं नाही," मॅडम म्हणाल्या. "दुखणं आहे, झोप नाही. पण आधी ते आणा."

मी पळत गेलो. चष्मा, मशीन, खिडकीतलं ऊन आणि उशाशी बसून बोलणारी आई. तिसऱ्या दिवशी बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तू जेवली का?"

मी मॅडमकडे दिलगिरी व्यक्त केली. पस्तीस वर्षांत कुणी वकिलाची नोटीस न पाठवता व्यक्त केलेली ही पहिलीच!

*

घरी जायचा दिवस. बाबा वॉकर धरून वॉर्डाच्या दारापर्यंत आले आणि थांबले. "रिलीव्हर आल्याशिवाय कसा जाऊ?"

पुन्हा फर्नेस? मी मॅडमना बोलवायला वळलो.

तेवढ्यात स्ट्रेचरवरून अहिवाऱ्याचे एक आजोबा आले आणि बाबांच्याच बेडवर गेले. खुबाच मोडलेला. सोबत मुलगा, हातात फाईल, चेहरा भांडणाच्या तयारीतला.

बाबा एकेक पाऊल टाकत माघारी वळले, आजोबांच्या कानाशी वाकले आणि चार्ज दिला, "सगळं नॉर्मल हाय. फक्त आपला चष्मा पोराजवळ देऊ नका."