छातीच्या फोटोतली वेणी

इथे बरेच दिवस नुसता वाचायला येतो. लिहिलं कधी नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, कारण माझं सगळं आयुष्य माणसांच्या आत काय आहे ते बघण्यात गेलं. आत हाडं असतात, हवा असते, कधी पाणी असतं. बाकी काही कधी दिसलं नाही.

घाटकोपर पश्चिमेला एक हॉस्पिटल आहे, नाव नको. एक्स-रे विभाग तळघरात. मी तिथे सीनियर टेक्निशियन. डिप्लोमाची मुलं ट्रेनिंगला येतात, ती माझ्या हाताखाली. त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो – छातीचा फोटो काढताना बायकांचे केस वर बांधून घ्या. वेणी खांद्यावर राहिली तर तिची सावली फुप्फुसाच्या टोकाशी पडते आणि थेट टीबीच्या डागासारखी दिसते. भलेभले फसतात.

दीपाली त्यातलीच एक. भांडुपची, मूळची मालवणकडची. हुशार, तोंडाने फटकळ. पेशंटला श्वास रोखायला सांगून मी सोडायला सांगायचं विसरलो की म्हणायची, "सर, सोडा त्यांना, निळे पडले ते!"

तिला खोकला होता. जात नव्हता. एकदा दुपारी पेशंट नव्हते तेव्हा म्हणाली, "सर, माझा एक काढा ना. पोझिशन मीच घेते, प्रॅक्टिस पण होईल." डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय फोटो काढायचा नाही, हा नियम. पण आमच्यात हे चालतं. काढला.

उजव्या टोकाला सावली होती.

वेणी, असं मनात म्हटलं आणि फोटो डिलीट केला. पुढे पाठवला असता तर मेमो मिळाला असता, आणि इन-चार्जच्या जागेसाठी माझं नाव गेलं होतं. काचेपलीकडे ओरडलो, "साफ आहे गं!" ती आत आली ती केसांचा क्लचर काढत. वर बांधलेले केस माझ्यासमोर खाली आले... मीच शिकवल्याप्रमाणे तिने ते नीट बांधले होते. म्हणजे वेणी नव्हतीच. मला कळलं. मी काही बोललो नाही. उद्या सांगू, असं करत तिची बॅच संपली.

पावसाळ्यानंतर बातमी आली. टीबीच, औषधांना दाद न देणारा, आणि फार उशिरा सापडलेला. दीपाली गेली होती.

त्यानंतर सुरू झालं. सकाळचा पहिलाच पेशंट, साठीचा माणूस. रिपोर्ट करणाऱ्या मॅडमचा वरून फोन – "दादा, पेशंटची वेणी वर घ्यायला सांगत जा ना मुलांना."

"मॅडम, पेशंट टकला आहे."

पोरं खो खो हसली. मी स्क्रीन बघितली. उजव्या टोकाला सावली, त्यात पेडसुद्धा दिसत होते. पुन्हा फोटो काढला तर साफ. मशीनचा इंजिनिअर आला, म्हणाला आधीच्या पेशंटची छाप राहिली असेल. पण आधी पेशंटच नव्हता! त्याने सगळं तपासलं, "मशीन झकास आहे" म्हणून गेला. मग परत, अधूनमधून. पुरुषांच्या फोटोत, लहान पोरांच्या फोटोत. दर वेळी मी दुसरा काढायचो, पहिला उडवायचो.

एके दिवशी दीपालीचे बाबा आले. घरात टीबी झाला की बाकीच्यांची तपासणी करतात, त्यासाठी. साकीनाक्याला कारखान्यात कामाला, डोक्यावर एक केस नाही. त्यांच्या फोटोत ती सावली आली.

दुसरा काढायला हात गेला... आणि पुढे जाईना. ती वेणी आहे की यांना खरंच काही झालंय, हे मी कोण ठरवणार? पहिल्यांदाच मी डिलीट केलं नाही. त्यांना घेऊन वर मॅडमकडे गेलो, फोटो दाखवला, आणि तिथेच, त्यांच्यासमोर, सगळं सांगून टाकलं. क्लचरसकट.

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत.

"तुमीच ते सर?" मग म्हणाले, "चेडू घराक येवन सांगी होता, सरांनी फोटो काढल्यानी, छाती साफ आसा. आवशीन डाक्टराकडे जावया म्हटल्यान, तर आमका हसला. म्हणान आमी न्हेलंवच नाय. काढो देत रवलंव."

मॅडमने मान खाली घातली. माझ्या एका 'साफ आहे'वर विसंबून त्यांनी पोरीला डॉक्टरकडे नेलंच नव्हतं, घरी नुसता काढा देत राहिले होते.

त्यांचा सीटी स्कॅन केला. थुंकी तपासली. काही नाही, फुप्फुस स्वच्छ. तो फोटो अजून सिस्टीममध्ये आहे. मॅडमने तीन डॉक्टरांना दाखवला, कोणालाच सांगता आलं नाही. सगळं कबूल केल्यावर सावली थांबेल, असं मला वाटलं होतं. थांबली नाही. मागच्या आठवड्यातही आली. का येते, मला खरंच माहीत नाही.

नवीन पोरं विचारतात, "सर, वेणी आहे ना ही? उडवू?"

मी त्यांना म्हणतो, मला विचारू नका. डॉक्टरांना दाखवा.