गोळी दिलसुखनगरपर्यंत

आमच्या घरात चार माणसं जेवायला बसली की कारखान्याचा एक तरी किस्सा निघतोच. माल विकला जायचा, किस्से उरायचे.

बेगम बाजारात काकांचा ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांचा छोटा कारखाना होता. प्रत्येक घाण्यातली एक गोळी तोंडात धरून काकू अफजलगंजहून बस पकडायच्या. चघळायचं नाही, बोलायचं नाही. दिलसुखनगर येईपर्यंत गोळी टिकली तर माल पास. निकाल त्या संध्याकाळी परत आल्यावर सांगायच्या. आजोबांना सुनांनी उठसूट बाहेर पडलेलं खपत नसे, पण धंद्याच्या कामाला ते कधी नाही म्हणाले नाहीत. दिलसुखनगरच का, असं विचारलं की काका म्हणत, "स्टँडर्ड आहे."

*

बसचा कंडक्टर काकूंना मुकं समजायचा. हळहळत तिकीट फाडायचा, खिडकीजवळची जागा मिळवून द्यायचा. एकदा पाक कच्चा राहिला आणि गोळी चादरघाटलाच विरघळली. काकू शेजारणीला म्हणाल्या, "जरा सरको." कंडक्टरनं बसच थांबवली. "अम्मा को ज़बान आ गई!"

लोक काकूंच्या पाया पडले. घाणा फेल झाला.

*

मग बाजार खुला झाला. दुकानांत चकचकीत कागदातल्या परदेशी गोळ्या आल्या, रस्त्यावर नव्या गाड्या आल्या. आमचा खप बसला आणि बस मलकपेठेत अडकायला लागली. चांगल्या गोळ्याही वाटेतच संपू लागल्या. काकांनी रस्त्याला दोष दिला नाही, गोळी मोठी केली.

एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, की पोराचं तोंडच मिटत नाही. काका म्हणाले, "दिलसुखनगर आलं की मिटेल."

*

शेवटी एका मोठ्या कंपनीचा साहेब कारखाना विकत घ्यायला आला. मुंबईचा, मराठीच. हा सौदा फिसकटला असता तर दिवाळीपर्यंत आम्हाला कुलूप लागलं असतं.

नाव बदलू? काका म्हणाले, हौ. डबे बदलू? हौ. काकांनी पेन उघडलं.

साहेब सहज म्हणाला की आता काकूंना बसचा त्रास नको, गोळ्या आमच्या लॅबमधलं मशीन तपासेल.

काकांनी पेनला टोपण लावलं. "टेस्ट दिलसुखनगरलाच होईल."

साहेब गोंधळला. तिथली हवा वेगळी आहे का, पाणी वेगळं आहे का, विचारू लागला. दारात काकू निघायच्या तयारीत उभ्या होत्या, तोंडात गोळी. काकांनी तिकडे एकदा पाहिलं.

"हिची आई राहते तिथे."