जेवणानंतरची मिठी

माझी आई थंड आहे, असं नागपूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी पुस्तक बघून सांगितलं, तेव्हा बाबांना हसू आवरेना. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूरच्या बाजूला, पैनगंगेच्या काठावर; महाराष्ट्र नदीपलीकडे. "डाक्टरसाहेब, ही शेतातून हाक मारते तं पल्याडचे बैल थांबतात," बाबा म्हणाले. "अन् ते तं महाराष्ट्रातले हायेत."

डॉक्टरांना बैलांशी देणंघेणं नव्हतं. मी चार वर्षांची होऊनही बोलत नव्हते, कुणी जवळ घेतलं की लाकडासारखी ताठ व्हायचे आणि दिवसभर वांगी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावत बसायचे. त्यांच्या पुस्तकात याला ऑटिझम म्हणत आणि त्यांच्या मते त्याचं मूळ आईच्या थंडपणात होतं. पोरीला भरपूर जवळ घ्या, हाच उपाय.

औषध म्हटलं की ते जेवणानंतर, हे बाबांना ठाऊक. म्हणून सकाळ-संध्याकाळ, भाकरी झाली की मिठी असं ठरलं. आई हात धुऊन, पदर खोचून, विहिरीतून बादली ओढायला निघाल्यासारखी माझ्याकडे यायची. मी पळायचे. हंगामात आमच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस असायचा, त्यात बुडी मारायचे. कापूस सगळीकडून सारखा दाबतो आणि विचारत काही नाही. असं सुख दुसरं नाही, हे मी आजही भांडून सांगेन. आई पाय धरून मला बाहेर ओढायची, मिठी मारायची आणि आम्ही दोघी घामाघूम होऊन वेगळ्या व्हायचो. गावातल्या बाया हातातलं काम टाकून हा तमाशा बघायला यायच्या.

ऑटिझमचा एक फायदा मात्र झाला. बाबांनी शाळेत गुरुजींना ते नाव सांगितलं. नाव इंग्रजी, त्यात नागपूरहून आणलेलं. गुरुजींनी छडी खाली ठेवली आणि मला खिडकीशी बसू दिलं.

पुढे मी बोलायला लागले, आणि थांबेनाच. बाबा दर पाडव्याला नवं पंचांग आणायचे. डॉक्टरांचं पुस्तकही तसंच दरवर्षी नवं निघतं, असा त्यांचा पक्का समज. म्हणून पाडवा झाला की तुरीची डाळ आणि मी, दोघींना घेऊन ते नागपूर गाठायचे.

"यंदाच्या पुस्तकात पोरीचं काय लिवलं हाय?"

"अहो, हे पंचांग नाही!" डॉक्टर चिडायचे. डाळ तेवढी ठेवून घ्यायचे.

एका वर्षी मी त्यांना आदिलाबाद ते नागपूर रस्त्यावरची सगळी गावं, पूल आणि चहाच्या टपऱ्या ओळीनं सांगितल्या, मग उलट्या सांगितल्या. डॉक्टरांनी हात वर केले. "इतकी बोलते म्हणजे हा ऑटिझम नाही. ती मुलं अशी बोलत नाहीत."

"मंग काय हाय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. हट्टी आहे."

"अन् ते जवळ घेनं?"

"ते असू द्या. नुकसान काय आहे?"

म्हणजे रोग गेला, औषध राहिलं. नाव गेल्याचं कळताच गुरुजींनी छडी पुन्हा उचलली. काल जी आजारी होती ती आज वांड ठरली, आणि मी तर तीच होते. मला याचा अजून राग येतो. आईला दोन्हीकडून बोल. नाव होतं तेव्हा तिच्या थंडपणामुळे, गेलं तेव्हा तिच्या लाडामुळे. पलीकडचे बैल थांबवणारी बाई या एकाच गोष्टीवर गप्प राहायची. मिठी मात्र तिनं चुकवली नाही. मी कॉलेजातून सुटीला आले तरी जेवण झालं की पदर खोचलाच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही तिघं गेलो, तेव्हा म्हाताऱ्या डॉक्टरांच्या खुर्चीत त्यांची सून बसली होती. तीही डॉक्टर. बाबांनी डाळ टेबलावर ठेवून नेहमीचा प्रश्न विचारला.

"आलंय की नवं पुस्तक," ती म्हणाली. बाबांचा चेहरा असा खुलला की जणू त्यांनीच ते छापलं होतं.

ती माझ्याशी खूप वेळ बोलली. म्हणजे मीच बोलले. मग तिनं सांगितलं, की ऑटिझमची व्याख्या आता रुंदावली आहे, त्याच्या भावकीतली नवी नावंही आली आहेत, आणि भरभरून बोलणारी माणसंही त्यात बसतात. "तू बसतेस त्यात. आणि हे जन्मापासूनच असतं. आईच्या वागण्यानं होत नाही."

आई म्हणाली, "पुन्यांदा सांगा."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

"मोठ्यानं सांगा. यायलेबी ऐकू जाऊ द्या." बाबा तिच्या शेजारीच बसले होते.

ते मोठ्यानं ऐकून आईनं पदर तोंडाला लावला. "मंग मी जवळ घेत होती, ते?"

"त्याची गरज नव्हती."

"मले बी सहन होत नाही वो, कोनी धरलं तं," आई म्हणाली. "लहानपनापासून. आंगावर काटा येते. पन म्हनलं, पोरगी बरी होईल."

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या मिठीत अवघडलेली मी एकटीच आहे.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "मंग बाई, हिलेबी तपासून घ्या ना. एकाच फेरीत होऊन जाईल."

आई त्यांच्यावर अशी ओरडली की बाहेरचा कंपाउंडर धावत आत आला.

परतीच्या बसमध्ये बाबांना पुढे जागा मिळाली आणि आम्हा दोघींना मागे. डाळीची रिकामी पिशवी आमच्या मधे होती. मी ती उचलायला गेले.

"राहू दे मधात," आई म्हणाली.

मला तिच्याबद्दल इतकी माया कधीच वाटली नव्हती. मी पिशवी नीट सरळ केली आणि आदिलाबाद येईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींना जरासुद्धा न लागता सुखानं बसून राहिलो.