पोटच्या पोरीला तुम्ही

आमच्या आईनं स्वतःच्या लेकीला अकरा वर्षं अहो-जाहो केलं. सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. सासूनं सुनेला केलं तरी लोक बघायला येतील, आणि इथं तर जन्म दिलेली आई.

माझी थोरली बहीण सिस्टर झाली तेव्हाची गोष्ट. पुण्याला मठात तिची व्रतं झाली आणि पुढच्या रविवारी दौंडच्या चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे खास उपासना, ठेवली. आमचे वडील रेल्वेत गँगमन होते, ते जाऊन दोन वर्षं झाली होती, पण चाळीतली खोली अजून आमच्याकडं होती. मिस्सा झाल्यावर सगळे घरी जेवायला आले. आईनं मटणाचं ताट वाढलं, पाटावर ठेवलं आणि म्हणाली, "सिस्टर, तुम्ही आधी बसा."

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी खो खो हसले. आई हसत नव्हती. ताई पाटापाशी तशीच उभी राहिली. राखाडी साडीत ती आधीच परकी दिसत होती, त्यात हे. ती म्हणाली, आई, मला काय तुम्ही म्हणतेस? आई म्हणाली, आता तसंच. आणि भात आणायला आत गेली. विषय संपला.

माझा कुठला संपतोय. लहानपणापासून राग माझ्या नाकावर, आई मला कैदाशीण म्हणायची ते काही उगाच नाही. पाहुणे गेल्यावर ती भांडी घासत होती, तिथं जाऊन मी उभी राहिले. म्हटलं, देवाला तू म्हणतेस, मरियेला तू म्हणतेस, रोज संध्याकाळी माळ हातात घेऊन पन्नास वेळा म्हणतेस, आणि पोटच्या पोरीला तुम्ही? लाज कशी वाटत नाही?

आईनं मान वर केली नाही. "देव आपला हाय," ती म्हणाली, "त्या आता आपल्या न्हाईत. दिल्या म्हंजी दिल्या."

दिलं तर तिनं मलाही. शिरूरला दिलं, नवरा रांजणगावला कंपनीत. पण मला शेवटपर्यंत अगं-तुगंच, वर शिव्या. मला त्याचा कधी राग आला नाही. उलट मनातल्या मनात बरं वाटायचं, की मी अजून आपली आहे. ताईचं मात्र तोंड उतरायचं. तीन वर्षांतून एकदा पंधरा दिवस सुट्टी मिळायची तिला. आई दारात जाऊन म्हणायची, या सिस्टर, दमला असाल. आणि ताई म्हणायची, व्हय गं आई, दमले. ती कधी चुकूनही आईला तुम्ही म्हणाली नाही.

तिच्या व्रतात आज्ञापालन होतं. पत्र आलं की पिशवी उचलायची आणि जायचं, का म्हणून विचारायचं नाही. आधी नागपूरकडं पाठवलं, मग ओरिसाच्या हद्दीवर कुठल्या तरी आदिवासी गावात, दवाखान्यात नर्स म्हणून. तिकडून पत्र यायला पंधरा दिवस लागायचे. मी म्हणायचे, ही काय देवभक्ती, ही तर मिलिटरी. आई म्हणायची, तुला काय कळतंय, गप बस.

मग आई आजारी पडली. मी तिला शिरूरला माझ्याकडं आणलं. पोटात गाठ निघाली, पुण्याच्या डॉक्टरांनी बघितलं आणि घरी न्या म्हणाले. घरी न्या म्हणजे काय ते आम्हाला कळलं. ताईच्या मठात फोन लावला, निरोप पोचायला दोन दिवस गेले. ती रेल्वेनं दौंडला उतरली, तिथून न्हावऱ्यावरून एसटीनं शिरूरला आली. हातात एक कापडी पिशवी. दारातच सांगितलं, तीन दिवसांची परवानगी आहे, तिकडं गोवराची साथ चालू आहे.

त्या तीन दिवसांत तिनं आईचं काय केलं नाही? पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या धुतल्या. अंग पुसलं, केस विंचरले, चमच्यानं पेज भरवली. मी इतके दिवस करत होते, पण माझ्या हाताला ते वळण नव्हतं. आणि आई काय म्हणायची? "सिस्टर, राहू द्या, तुमचे हात घाण व्हत्याल." मला ते ऐकवायचं नाही. मी उठून अंगणात जायचे आणि नसलेली कामं करत बसायचे.

दुसऱ्या दिवशी ताईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, फार तर आठवडा. मी म्हटलं, मग मठाच्या मोठ्या सिस्टरना, त्या सुपीरिअरना, फोन कर, दिवस वाढवून घे. ती आईची पेज गरम करायला गेली. पण तिसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन आली. सुपीरिअर काय म्हणाल्या विचारलं, तर नुसतं 'बोलले' म्हणाली आणि आत आईपाशी जाऊन बसली. मी उंबऱ्यात उभी होते. तिनं आईचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आई, मी थांबू का? तू सांग."

आई बराच वेळ छताकडं बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल. म्हण गं बाई, एकदा म्हण.

"तुमाला जितं धाडलंय तितं जावा, सिस्टर," आई म्हणाली. "लोकांची लेकरं आजारी हायेत."

ताईनं आईच्या कपाळावर अंगठ्यानं क्रुसाची खूण केली आणि पिशवी उचलली. दारात मी तिला नको नको ते बोलले. आई मरतेय आणि तुला तुझी सुपीरिअर प्यारी, असंही बोलले. तिनं माझ्या गालाला हात लावला, येते म्हणाली, आणि गेली. दौंडची एसटी साडेअकराची होती.

सव्वाअकरा वाजले असतील. मी पेज ढवळत होते. आतून आईचा आवाज आला, चांगला स्पष्ट. "थांब की गं पोरी."

मला वाटलं, मला म्हणतेय. आत गेले तर तिचे डोळे दाराकडं लागलेले, आणि मी समोर उभी राहिले तरी माझ्याकडं नाही. परत म्हणाली, थांब की गं. आणि रडायला लागली. आईला मी वडील गेले तेव्हासुद्धा तसं रडताना बघितलं नव्हतं.

स्टँड आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. पळत गेले असते तर सात. शेजारीण दारातच गहू निवडत बसली होती, ती आईपाशी बसली असती. मला कुणीही अडवलेलं नव्हतं. आणि मी गेले नाही. खरं सांगायचं तर रागानं गेले नाही. दोघींवरच्या रागानं. अकरा वर्षं तुम्ही-तुम्ही केलंस, आता भोग, असं मी मनात आईला म्हटलं. आणि ताईला म्हटलं, जा, तुला जायचंच आहे ना. असलं मी माझ्या मरणाऱ्या आईसमोर उभं राहून मनात म्हटलं. मग घड्याळात साडेअकरा होऊन गेले आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. दौंडला वडिलांच्या शेजारी माती दिली. ताई तेव्हा रेल्वेतच होती. चार दिवसांनी तिचा फोन आला, वाण्याच्या दुकानात. सगळं विचारून झाल्यावर हळूच म्हणाली, मी गेल्यावर आई काही म्हणाली का गं? दुकानात गिऱ्हाईकं उभी होती. मी म्हटलं, न्हाई, काही न्हाई.

ते 'न्हाई' मी तीन वर्षं पोटात घेऊन हिंडले. पापनिवेदनाला गेले, फादरांना सांगितलं. ते म्हणाले, देवानं क्षमा केली, पण हे बहिणीला सांगावं लागेल. मी हो म्हटलं आणि पत्रात लिहायला घेतलं की हात थांबायचा. आज्ञापालन कशाशी खातात ते मला कुठं ठाऊक.

तीन वर्षांनी ताई सुट्टीवर आली. आम्ही दौंडला आईच्या कबरीवर गेलो. तिनं गवत उपटलं, मेणबत्ती लावली, वाऱ्यानं विझली, परत लावली. मी तिच्या शेजारी मातीत बसले आणि सगळं ओकून टाकलं. सव्वाअकरा, शेजारीण, माझा राग, सगळं. म्हटलं, मार मला. पण तुझ्या सुपीरिअरनं दोन दिवस वाढवून दिले असते तर हे झालंच नसतं.

ताईनं उपटलेलं गवत एका बाजूला सारलं. मग म्हणाली, "त्यांनी दिले होते."

मला कळेचना. तिनं मग सांगितलं. बूथवरून फोन केला तेव्हा सुपीरिअर म्हणाल्या होत्या, आईला विचार, आणि आई म्हणेल तसं कर, हीच माझी आज्ञा. मी म्हटलं, मग हे आईला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर आई परवानगीमुळं हो म्हणाली असती. मला तिच्या मनातलं हवं होतं. एकदा तरी.

 तीच पुढं बोलली, मातीकडं बघत. "गाडी पंक्चर होती. एक वाजेपर्यंत मी स्टँडवरच होते गं."

असं म्हणून तिनं तोंडाला पदर लावला. रडली की नाही कळलं नाही, खांदे हलत होते तेवढं दिसलं. मी तिच्या पायाला हात लावायला गेले तर तिनं तो हात धरून ठेवला. मग विचारलं, कशी म्हणाली? जशी म्हणाली तसंच म्हणून दाखव.

मी म्हणून दाखवलं. आईच्या आवाजात, तसंच शेवटाला ओढून. थांब की गं पोरी.

"परत म्हण," ताई म्हणाली.

मी परत म्हटलं. तिनं डोळे मिटले आणि अजून एकदा म्हण म्हणाली, पण तिसऱ्यांदा मला म्हणता आलं नाही.