पाण्यात निवलेली काच

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. मी छत्तीस वर्षांचा होतो आणि सातारा जिल्ह्यातल्या एका काच कारखान्यात भट्टीवर काच फुंकत होतो. शाळा माझी तिसरीत सुटली. नातू म्हणाला, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. मी म्हटलं, हवालदारांचं मी दुसऱ्याच्या हातानं लिहिणार नाही. तेव्हा जमेल तसं लिहितोय.

हवालदार म्हणजे आमच्या भट्टीचे मुकादम. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, उंच, ताठ, मानेवर वळी नाही. भट्टीच्या तोंडाशी आम्ही जरा वेळ उभे राहिलो की बाहेर वाऱ्याला पळायचो. हे पाळी संपेपर्यंत तिथंच. कोयनेच्या भूकंपात घराची भिंत अंगावर आली, तर विटा बाजूला सारून उठले आणि आधी टोपी शोधली, असं शेजारी सांगायचे. बायको गेली तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत कोणी पाणी पाहिलं नाही. साऱ्या गावाचे ते हवालदार. त्यांना ‘आबा’ म्हणणारा एकच होता, त्यांचा एकुलता मुलगा.

आमच्याकडं कंदिलाच्या काचा व्हायच्या. फुंकलेली काच तशीच उघड्यावर ठेवली तर तडकते. तिला निववायच्या भट्टीत ठेवून हळूहळू थंड करावी लागते. कोणी घाई केली की हवालदार म्हणायचे, “निवू दे रं तिला. बाळंतिणीला दुसऱ्या दिवशी रानात धाडतोस व्हय?”

पण वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते स्वतःच हा नियम मोडायचे. फुंकनळ्यांची, चिमट्यांची पूजा झाली, नारळ फुटला, की काचेच्या तापल्या रसाचा एकेक थेंब पाण्याच्या बादलीत सोडायचे. बरेचसे थेंब पाण्यातच फुटायचे. एखादा वाचायचा. त्याला गोल डोकं आणि मागं बारीक, लांब शेपूट. आम्ही त्याला बेडूकमासा म्हणायचो. तो ऐरणीवर ठेवून हवालदार डोक्यावर हातोडा घालायचे. फुटायचा नाही. नव्या माणसाला हातोडा द्यायचे, तो दात-ओठ खाऊन मारायचा, आम्ही हसायचो. मग थेंबावर गोणपाट टाकून हवालदार नुसतं शेपटीचं टोक पकडीनं दाबायचे. फट्ट. गोणपाट काढलं की खाली पीठ.

एकदा मी विचारलं, हा निववायच्या भट्टीत घातला तर? म्हणाले, “मग साधी काच हुती. हातोडा सोसत न्हाई. पर मोडली तर दोन तुकडं हुत्यात, पीठ न्हाई हुत.”

एकाहत्तरच्या दिवाळीआधी मुलगा पलटणीतून सुट्टीवर आला होता. तोही बापासारखाच फौजेत होता. जाताना बापाला डबा द्यायला कारखान्याच्या फाटकाशी आला. मी तिथंच बिडी ओढत होतो. डबा दिला, वाकला आणि म्हणाला, “येतो आबा.” बस्स, एवढंच. त्याच हिवाळ्यात लढाईत तो गेल्याची तार आली. तिसऱ्या दिवशी हवालदार भट्टीवर हजर. साहेबांनी सांगितलं, घरी बसा, पगार चालू राहील. हे म्हणाले, “भट्टी इझत न्हाई, मग मी कशाला बसू?” लोक म्हणाले, काय माणूस, लोखंड आहे. मीही म्हणालो.

घरात राहिली सून, सुमन. मूलबाळ नव्हतं. रोज दुपारी ती डबा घेऊन फाटकाशी यायची, “मामंजी, डबा,” म्हणायची आणि जायची. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात हवालदारांनी ठरवलं, सुमनचा पाट लावायचा. माधवनगरच्या गिरणीत कामाला असलेला एक बिजवर त्यांनीच शोधला, दोनदा जाऊन घर बघून आले, मग सुमनला विचारलं. ती म्हणाली, तुमच्या जेवणाचं काय? हवालदारांनी तोच होकार धरला.

भावकी पेटली. आपल्या कुळीत विधवेचा पाट नाही, असं सांगायला माणसं घरी आली. पाणी भरायला गेलेल्या सुमनला बाया वाट देईनात. चुलतभाऊ बापू तर भट्टीवर आला आणि आम्हा सगळ्यांदेखत म्हणाला, “हवालदार, सून इकली म्हणं?”

हवालदारांनी फुंकनळी खाली ठेवली नाही. “इकली असती तर दलालीला तुलाच बोलावला असता, गड्या.”

बापू गेला. पण त्यानं शपथ घातली होती, लग्नाला गावातलं कोणी जाणार नाही. म्हणून मी जायचं ठरवलं. मला कोणी जाऊ नको म्हटलं की माझे पाय चालायलाच लागतात. त्या दिवशी मी हवालदारांना एवढंच विचारलं, एकटे पडाल, मग हे का करता?

ते भट्टीकडं बघत म्हणाले, “ती रडली असती तर थांबलो असतो. रडत न्हाई रं. माझ्यावानी व्हाया लागलीया.”

सांगलीत नदीकाठच्या एका देवळात लग्न लागलं. आमच्याकडून हवालदार आणि मी. नवरामुलगा साधा, लाजरा, हातांना सुताचा वास. दुपारी सगळे एस.टी. स्टँडवर आलो. माधवनगरची गाडी आधी लागली. सुमन पाया पडली, म्हणाली, “मामंजी, रातची गोळी इसरू नका.” तिच्या डोळ्यांतून धार लागली होती, अडीच वर्षांत पहिल्यांदा. हवालदार तसेच ताठ. तिच्या डोक्यावर हात ठेवला, “जा बाय,” म्हणाले. ती गाडीत चढली. मागून तो पोरगा वाकला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. म्हणाला, “येतो आबा.”

गाडी हलेपर्यंत ते उभे होते. ती वळणाआड गेली आणि हवालदार खाली फरशीवर बसले आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की चहाच्या गाड्यावरची माणसं उठून उभी राहिली. भावकीनं दोन महिने हातोडे घातले होते. त्या पोराचा नकळत शेपटीला हात लागला. मी त्यांची टोपी उचलली आणि शेजारी बसलो. दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले. गावात उतरेस्तोवर अंग पुन्हा ताठ झालं होतं. दारात म्हणाले, “सकाळी टायमात भट्टीवर ये.”

हवालदारांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या लग्नानंतर ते पुष्कळ जगले, सुमनच्या लेकरांना खांद्यावर घेऊन माधवनगरात हिंडले, सिनेमात कोणी मेलं तरी रडायचे आणि आम्ही त्यांची थट्टा करायचो. पण मला आठवते ती लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. मी कारखान्यात गेलोच नाही. दिवस उगवायला हवालदारांच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो. ते टोपी घालून, रिकामा डबा काखेत मारून बाहेर आले.

“वाट सोड.”

“न्हाई सोडत.”

“भट्टी कोण बघंल?”

“भट्टी इझत न्हाई, तुमीच म्हणता. बसा. तार आली तवा बसला न्हाईसा.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की दुसरा कोणी पळाला असता. मी पाय आणखी पसरले. बऱ्याच वेळानं त्यांनी डबा खाली ठेवला, टोपी काढली आणि माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसले.

“ल्हानपणी चपला उलट्या घालायचा,” ते म्हणाले. “कितीबी सांगा.”

कारखान्याचा भोंगा झाला. मी म्हटलं, “मग?”

आणि ऐकत बसलो.