ओंकारला कोणी पासच देत नाही

त्या पावसाळ्यात मला रात्र रात्र झोप लागत नव्हती, आणि कारण सांगायची लाज वाटायची. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरत होतं, ह्यांची बदली नागपूरला होणार अशी बातमी होती, आणि मी छताकडे बघत विचार करत होते की ओंकारला कोणी पासच देत नाही.

ओंकार माझा मुलगा, तेव्हा नऊ वर्षांचा. ठाण्यात कोपरीच्या मैदानावर लहान मुलांची फुटबॉलची टीम होती, तिच्यात तो खेळायचा. म्हणजे उभा असायचा. होम सायन्सला बालविकास हा माझा विषय, त्यात फर्स्ट क्लास. त्यामुळे मुलाचं काय काय बिघडू शकतं हे मला इतर आयांपेक्षा जास्त माहीत होतं. त्यावर काय करायचं, ते मात्र त्यांच्याइतकंच.

मैदानावरचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आपण फक्त पोराची पाण्याची बाटली धरून उभ्या असतो, आणि ते चपलेला चिखलासारखे लागत जातात. घरी येऊन कितीही झटकलं तरी थोडे राहतातच. नव्वदीच्या सुरुवातीचे, त्या एकाच पावसाळ्यातले हे राहिलेले.

*

जूनमध्ये जुने कोच रिटायर होऊन गावी गेले आणि महेश सर हेड कोच झाले. ठाकुर्लीचा पोरगेलासा माणूस, मिशी नुकतीच जमलेली. आधी ते असिस्टंट होते, म्हणजे बॉलमध्ये हवा भरायचे.

पहिल्याच रविवारी त्यांनी पालकांची मीटिंग बोलावली. झाडाला फळा टेकवून त्यावर खडूने गोल, बाण, अटॅक, डिफेन्स, सगळं काढलं. बाबा लोक समजल्यासारख्या माना हलवत होते. सगळ्यांनी टीव्हीवर वर्ल्ड कप बघितलेला. शेवटी सरांनी विचारलं, कोणाला काही शंका?

मागे फोल्डिंगच्या स्टुलावर रेमी आंटी बसल्या होत्या. ठाण्यातल्या जुन्या ख्रिश्चन घरातल्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी. त्यांचे तीन मुलगे ह्याच टीममधून खेळून मोठे झाले होते आणि चौथा आता खेळत होता. मॅच चालू असताना त्या मान खाली घालून क्रोशाचं विणकाम करायच्या. तरी मैदानावर काय झालं ते सगळ्यात आधी त्यांना कळायचं. त्यांनी मान वर न करता विचारलं,

"फॉर्मेशन चांगली आहे रे पोरा. पण आयाबापांची कुठे मांडलीस?"

सगळे हसले. सरही हसले.

पुढच्या रविवारी मॅच होती. एक पोरगा चिखलात घसरला, म्हणून त्याची आई छत्री घेऊन आत धावली. धाकटीला एकटं कसं सोडणार, म्हणून तिच्यामागे धाकटी. कुणाचे तरी बाबा बुटाची नाडी बांधायला गेले आणि तिथेच उभं राहून सल्ला देऊ लागले. मी स्वतः फक्त रुमाल द्यायला गेले होते. थोड्या वेळाने रेफरीने शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि सरांना विचारलं, "ह्यातले खेळणारे कोण?"

दुसऱ्या दिवशी सर आपल्या पायांनी आंटींकडे गेले. आंटी म्हणाल्या, पालकांसाठी चुन्याची फक्की मारून एक रेघ काढ, पण ती नाल्याच्या पलीकडे काढ. नुसती फक्की काय, कोणीही ओलांडतं. नाल्याला माणूस जरा विचार करतो.

तेव्हापासून आम्ही सगळे नाल्यापलीकडे.

*

नितीनचे बाबा मात्र नाल्यापलीकडूनही पुरायचे. त्यांचा आवाज कोपरी ओलांडून स्टेशनपर्यंत जायचा. "उजवा पाय! अरे उजवा!" ते आपल्या नितीनला सांगत असायचे, पण उजवा पाय सगळ्यांनाच असल्यामुळे पूर्ण टीम गोंधळायची.

सर त्यांच्याशी स्पष्ट बोलणार होते. दोन दिवस तयारी केली होती म्हणे. आंटींनी अडवलं.

"भांडू नको. त्याला झेंडा दे."

झालं. नितीनचे बाबा लाइन्समन झाले. झेंडेवाल्याला ओरडता येत नाही, आणि वर धावावं लागतं. पहिल्या मॅचला ते इस्त्रीची पांढरी पँट घालून आले आणि तोंडातून अवाक्षर न काढता पूर्ण वेळ धावले. दुसऱ्या हाफमध्ये नितीनने गोल मारला. त्याच्या आयुष्यातला पहिला. सगळे नाचले. बाबांचा झेंडा वर होता. ऑफसाइड.

मॅच संपल्यावर ते घरी जायचं नावच घेईनात. शेवटी मी डब्यातला उरलेला पराठा पुढे केला, तो त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला. घरी काय वाढून ठेवलं असेल, ह्याचा त्यांना अंदाज होता.

*

ह्या मैदानाचा एक जुना रिवाज होता, तो सरांना माहीत नव्हता. प्रॅक्टिसला बॉल गोलमध्ये गेला की खांबाबाहेरून, ह्यावर पोरांचं भांडण जुंपलं. सर मध्ये पडून नियम समजावू लागले. पोरं ऐकेनात. आंटींनी सरांना बाजूला घेतलं. इथे वाद झाला की ज्याने मारला त्याला विचारायचं, तो सांगेल ते खरं. कोळीवाड्यातल्या पोरांनी कधी काळी पाडलेली पद्धत होती.

सर म्हणाले, "आणि तो खोटं बोलला तर?"

"बोलेल की. पण उद्या त्याला परत इथेच खेळायचंय ना?"

सरांना हे पटलं नाही. एवढ्यात मारणाऱ्या पोराने स्वतःच "बाहेर, बाहेर" म्हणून हात हलवला आणि खेळ सुरू झाला.

*

खिचडीचा किस्सा माझ्यावर आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते.

एका मॅचला संकष्टी आली. उपास मुलांचा नव्हता, आमचा होता. पण सकाळी स्वयंपाक एकच होणार, त्यामुळे हाफ टाइमला माझ्यासकट बऱ्याच जणींच्या डब्यांतून साबुदाण्याची खिचडी निघाली. मुलं पोटभर जेवली. दुसरा हाफ सुरू झाला आणि आमचा डिफेन्स बसला. म्हणजे खरोखर बसला, गवतावर. ओंकारने तर मोठी जांभई दिली. आम्ही सपाटून हरलो.

पुढच्या आठवड्यात सरांनी मला अगदी मानाने बोलावलं. हाफ टाइमला मुलांना फक्त मोसंबीच्या फोडी द्यायच्या, दुसरं काही नाही, आणि ही जबाबदारी मॅडम तुमचीच. मी हुरळून गेले. घरी ह्यांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. बऱ्याच दिवसांनी कळलं की आंटींनी सरांना सल्ला दिला होता, "ज्या बाईची खिचडी सगळ्यात चांगली, तिलाच मोसंबीवर बसव. बाकीच्या आपोआप थांबतील."

खिचडी चांगली होती, एवढं तरी त्यातून सिद्ध झालं.

*

आता माझी काळजी. ओंकार उजव्या बाजूला उभा असायचा, आणि बॉल त्याच्याकडे यायचाच नाही. तो खाडीवरचे बगळे बघायचा. एका मॅचनंतर मी नाला ओलांडून सरांकडे गेले. सर म्हणाले, "मॅडम, उद्या या ना."

हेही आंटींचंच शिकवलेलं होतं. मॅचच्या दिवशी कुठल्याही आईला उत्तर द्यायचं नाही, उद्या ये म्हणायचं. रात्री झोप झाली की बहुतेक जणी येत नाहीत. पण माझी झोप झालीच नव्हती. मी दुसऱ्या दिवशी ओंकारबरोबर प्रॅक्टिसला गेले.

येणाऱ्या आईचं काय करायचं, हे आंटींनी सांगितलेलं नसावं. सर गोंधळले. मी मुलाच्या आत्मविश्वासाबद्दल, समवयस्क गटातल्या स्थानाबद्दल बरंच बोलले. माझ्या परीक्षेत असा प्रश्न आलाही होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि कॅप्टनला हाक मारली. कॅप्टन म्हणजे कोळीवाड्यातला हरेश, अंगाने लहान पण पायात जोर.

"हरेश, तू ओंकारला पास का देत नाहीस?"

"मी दिलेला ना सर. तोच नको म्हणाला."

मग सर म्हणाले, "आंटींकडे जाऊया का?"

आंटी आपल्या घराच्या व्हरांड्यात विणत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि ओंकारलाच समोर उभं केलं.

"काय रे, तू बॉल मागत का नाहीस?"

"आईने सांगितलंय," ओंकार म्हणाला, "दुसऱ्यांकडे काही मागायचं नाही."

"आणि कोणी आपणहून दिलं तर?"

"नको म्हणायचं. दोनदा. तिसऱ्यांदा आग्रह केला तर घ्यायचं."

माझ्या आईने मला हेच शिकवलं होतं, तिला तिच्या आईने. शेजारी गेलं, लाडू पुढे आला, की 'नको' म्हणायचं आणि लाडवाकडे बघायचं नाही. त्यावर आमच्या पिढ्या वाढल्या. फुटबॉलमध्ये तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही, हे कुणाच्या लक्षात येणार?

सर म्हणाले, मी त्याला प्रॅक्टिसमध्ये समजावतो. आंटींनी सुईवरून नजर काढून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"तू नको समजावू. जिने शिकवलं तिलाच उलटं शिकवू दे. काय बाय?"

*

आमच्या घरी मागण्याचे क्लास सुरू झाले. जेवताना ओंकारने गप्प बसायचं नाही, पोळी ओरडून मागायची. मी म्हणायचे, "नुसतं दे म्हण." तो म्हणायचा, "दे ना." मी सांगायचे, ना नको. ना म्हणेपर्यंत बॉल दुसऱ्याकडे जातो. तो विचार करायचा, मोठा श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "दे ना!"

सासूबाईंचा पाय उशीवर होता, तिथून त्या बघत होत्या. ह्यांना म्हणाल्या, इतकी वर्षं झाली, ह्या घरात पोळीसाठी कोणाला ओरडावं लागलं नव्हतं. ह्यांनी वर्तमानपत्र वर केलं.

'ना' काही सुटला नाही. मी नाद सोडला.

*

आमच्या गोलला जाळी होती ती मासेमारीची. हरेशचे वडील आपलं एक जुनं जाळं जूनमध्ये खांबांना बांधून द्यायचे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला असायच्या, जाळ्याला काम नसायचं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला, की जाळं खाडीवर परत. आंटींनी सरांना सुरुवातीलाच बजावलं होतं, सामने पुनवेच्या आत उरकून घे. सरांना वाटलं, सणाच्या सुट्ट्या असतात म्हणून सांगतायत. त्यांनी सेमीफायनल पुनवेनंतरच्या रविवारी ठेवली.

सकाळी आम्ही गेलो तर नुसते खांब उभे, आरपार खाडी दिसत होती. हरेश म्हणाला, "जाळं गेलं ना सर. बाबापण गेले." सर आंटींकडे वळले. आंटी विणत होत्या.

समोर बाळकुमची टीम, अंगाने आमच्या दीडपट. जिंकलो तर फायनल. क्लबच्या कमिटीतले लोक खुर्च्या टाकून बसले होते आणि त्यांनी सरांना सांगून ठेवलं होतं की आज चांगली तेवढीच मुलं खेळवा. नवीन माणूस, पहिलं वर्ष. हाफ टाइमला मी मोसंबीच्या फोडी वाटत होते. ओंकार अजून बाहेरच बसलेला. सर आंटींच्या स्टुलाशी वाकले होते, त्यामुळे मला ऐकू आलं.

"सगळ्यांना खेळव रे. हरलास तर कमिटी एक दिवस बोलेल. जे पोर बसतं, त्याची आई मात्र कधी बसत नाही."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी फोडी वाटत राहिले.

दुसऱ्या हाफला ओंकार आत गेला. एक-एक बरोबरी होती. तो आपला उजव्या बाजूला उभा. बगळेही होते, पण तो त्यांच्याकडे बघत नव्हता. वेळ संपत आली. हरेश मधून बॉल घेऊन निघाला, बाळकुमची तीन पोरं त्याच्या अंगावर. नितीनच्या बाबांपासून आम्हा सगळ्यांनाच ओरडायला बंदी. माझ्या मुठीत एक अख्खी मोसंबी होती, तिचा रस कोपरापर्यंत आला.

"दे ना!"

मैदानभर ऐकू गेलं. हरेशने मान वर केली, बघितलं, आणि दिला.

ओंकारने बॉल अडवला नाही, काही नाही. आला तसा मारला. बॉल डाव्या खांबाला चाटून गेला आणि मागे खाडीच्या चिखलात जाऊन रुतला. आमची पोरं गोल म्हणून नाचू लागली, त्यांची पोरं बाहेर, बाहेर म्हणून. जाळी असती तर प्रश्नच नव्हता. नितीनचे बाबा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी झेंडा अर्धा वर केला आणि परत खाली घेतला. कमिटी खुर्च्यांवरून उठली. त्यांचे कोच आले, आमचे सर आले. मी नाला कधी ओलांडला, मला आठवत नाही. आंटींची सुई थांबली होती.

रेफरी कोपरीतलेच, लहानपणी ह्याच मैदानावर खेळलेले गृहस्थ. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि ओंकारसमोर गुडघे वाकवून बसले.

"बाळा, तू मारलास. आतून गेला का बाहेरून?"

हरेश त्याच्या मागे उभा राहून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता, "आत, आत बोल." ओंकारने खांबाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मोठा श्वास घेतला.

"बाहेरून गेला," तो म्हणाला. "पण द्या ना."